तीन भोपळे

मीटरवर तीन भोपळे आल्याशिवाय
काचेला पाणी लावायचं नाही,
हे सकीनाताईनं पहिल्याच दिवशी बजावलं.
भिवसनला वाचता येत नाही
पण भोपळे ओळखतो.
शाळेतली तेवढीच ओळख टिकलीय, म्हणतो.

अंबडच्या आमच्या गाळ्यात बोअरचं पाणी.
जड. साबणाला फेस धरत नाही,
बादलीच्या कडेला पांढरी खपली चढते.
ते आता तीन नळकांड्यांतून जातं
आणि बाहेर पडतं तेव्हा त्यात काहीच नसतं.
मी एकदा ओंजळभर पिऊन पाहिलं.
कुठल्याच गावचं नव्हतं.

म्हणूनच डाग राहत नाही, ताई म्हणाली.
पुसायचं नाही. ओलं सोडून द्यायचं.

बावीस वर्षं मी काच पुसली.
फेस, मग रबरी पट्टी, वरून खाली नागमोडी,
मग कोपऱ्यांना कालचा पेपर.
शेवटी पट्टी किर्र करायची,
ते ऐकलं की कळायचं, झालं.
आता झालं हे काचच ठरवते,
आणि ती वाळेपर्यंत काही बोलत नाही.
माझा हात खांद्यावरचं फडकं शोधून
रिकामा परत येतो.

काठी म्हणजे एकात एक सहा नळ्या.
ओढल्या की चौथ्या मजल्याला लागतात.
हलकी आहे म्हणतात.
सकाळी असते हलकी.
गुडघ्यांचं दुखणं मानेला आलं, एवढाच फरक.

नाही, एवढाच नाही.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
एक पोरगं होतं, पायाला वजन टांगलेलं.
मी फेसात बोटानं मिशा काढायचो
आणि त्यामागे माझं तोंड आणून धरायचो.
मध्ये बोटभर काच.
कॉलेज रोडच्या बँकेतल्या बाई
आतून नखानं दाखवायच्या, इथे राहिलंय बघा.
डाग त्यांच्याच अंगाला असायचा.
शिडीवर लोंबकळत, खुणांनी,
हे समजावायला फार वेळ जायचा.

खालून तसं काही दिसत नाही.
काचेत आभाळ असतं, घार असते,
आत कोण आहे ते आत.

शिडी भिवसननं सातपूरला घरी नेली.
परसात तिच्यावर दोडका चढवलाय.
अकरा वर्षं तिच्या पायाशी उभा होता तो,
उजवं पाऊल खालच्या दांडीवर रोवून,
तोंडात काडी, नजर माझ्या टाचांवर.
पाऊस सोडून दुसरं काही वर असतं
हे त्याला माहीतच नव्हतं, असं मी चिडवायचो.
आता तो पाइप सरकवतो, भोपळे बघतो,
आणि चहाला कधी नव्हे तो माझ्याआधी पोचतो.

परवा पिंपळगावला होतो,
द्राक्षांच्या पॅकहाउसची लांबच लांब काच.
बागांतल्या फवारणीचा निळसर थर तिच्यावर,
आणि दुपारी वारा सुटला.
चाळीस फूट काठी वर उसासारखी वाकली,
ब्रश काच सोडून हवेत गेला,
पाणी भलतीकडेच, माझ्या डोळ्यांत.
डोळे पुसून खाली बघतो तर
भिवसन धावत आलेला,
आणि काठीच्या बुडाशी, मातीत,
उजवं पाऊल रोवून उभा.

तिथे धरण्यासारखं काही नव्हतं.
काठी माझ्या हातात होती,
मी जमिनीवर होतो,
पडलो असतो तर त्याच्याच अंगावर,
फार तर उभ्याचा आडवा.

मी त्याला सांगितलं नाही.
वारा पडेपर्यंत तसाच काम करत राहिलो.
त्यानंतर काच वाळायची वाट बघत
दोघं क्रेटवर बसलो.
कडेनं वाळत आली ती, मग मधून.
डाग नव्हता एकही.
भिवसन तरी उठला,
बाहीनं एक कोपरा पुसून आला.